कागदाविना कचेरीत रुळताना

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. वरचे तीन मजले जळाले, पाच जणांचा जीव गेला आणि असंख्य नस्त्यांची राख झाली. जळालेल्या नस्त्या पुन्हा उभ्या करण्याचे काम सुरू झाले तेव्हा नस्त्या संगणकावर चालवणारी ई-ऑफिस ही माहिती तंत्रज्ञान विभागाची हौस राहिली नाही, ती प्रशासनाची निकड झाली. तेव्हापासून एक प्रश्न आढावा बैठकांतून, प्रशिक्षणवर्गांतून आणि कर्मचारी संघटनांच्या निवेदनांतून फिरतो आहे. उभी नोकरी कागदावर केलेला माणूस पडद्यावर कसा रुळणार, आणि त्याला रुळवायचे कोणी?

या विषयावर परदेशात चाळीस-पन्नास वर्षे लिहिले जात आहे. आपल्याकडे लेखन थोडे आणि अनुभव भरपूर, तोही शासन निर्णय, निवेदने आणि आंदोलनांच्या बातम्या यांत विखुरलेला. इथे भर महाराष्ट्रातल्या सरकारी कामावर आहे. खासगी कंपन्यांत जो रुळत नाही तो बहुधा टिकतही नाही, त्यामुळे तिथला वाद फारसा बाहेर येत नाही.

पूर्वपीठिका

‘कागदविरहित कार्यालय’ ही कल्पना रूढ झाली ती ‘बिझनेस वीक’ साप्ताहिकाच्या जून १९७५च्या एका लेखामुळे. झेरॉक्सच्या संशोधन केंद्राचे प्रमुख जॉर्ज पेक यांनी त्यात सांगितले होते की वीस वर्षांनी आपल्या टेबलावर कळफलक आणि पडदा असेल, आणि छापील कागदाची गरज किती उरेल हे सांगता येत नाही. पडदा आला, पण कागद मात्र वाढला. अबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर यांच्या ‘द मिथ ऑफ द पेपरलेस ऑफिस’ या पुस्तकात नोंद आहे की संस्थेत ई-मेल आल्यावर कागदाचा वापर सरासरी चाळीस टक्क्यांनी चढला. सोय झाली तशी माणसे छापून वाचू लागली. श्रीमंत देशांत कार्यालयीन कागदाचा खप घसरू लागला तो एकविसावे शतक उजाडल्यावर.

भारतात ही चर्चा कागदापेक्षा नोकरीवरून सुरू झाली. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाला कलकत्त्यात झालेला विरोध जुन्या संघटनावाल्यांना आठवत असेल. बँकांत रंगराजन समित्यांचे अहवाल १९८४ आणि १९८९ मध्ये आले, आणि त्याच दशकात व्यवस्थापन व संघटना यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाले. कुठल्या शाखेत किती यंत्रे येणार, ती कोण चालवणार, चालवणाऱ्याला किती विशेष भत्ता मिळणार हे त्यांत ठरले. खातेवही गेली आणि लेजर पोस्टिंग मशीन आले, पण त्याआधी टेबलाच्या दोन्ही बाजूंची बोलणी झालेली होती. पुढे २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन लाखाच्या आसपास माणसे बाहेर पडली, म्हणजे संघटनांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. तरीही बदलाच्या अटी आधी ठरवण्याची ती पद्धत सरकारी कचेऱ्यांच्या वाट्याला पुढे फारशी आली नाही.

सरकारी कचेरीत सुधारणा संगणकाच्या आधीही झाल्या होत्या आणि त्या कागदावरच झाल्या होत्या. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी बसण्याची मांडणी, अभिलेखांचे वर्गीकरण आणि कामाचे वाटप बदलले. तो ‘लखिना पॅटर्न’ आजही सांगितला जातो. सहा गठ्ठे पद्धत तर प्रत्येक लिपिकाला पाठ असते : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची प्रकरणे. म्हणजे संगणक आला तो गोंधळाच्या जागी आला नाही. कामाची रीत तिथे आधीपासून होती, फक्त ती कपाटात आणि गठ्ठ्यांत होती.

पुढचे टप्पे भराभर पडले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला आणि इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता मिळाली. २००६च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेतून ई-ऑफिस हा प्रकल्प पुढे आला आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने त्याची प्रणाली तयार केली. महाराष्ट्रात सातबारा संगणकावर गेला, ई-फेरफार आला, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांना मुदती घातल्या आणि त्या मोजायला पोर्टल आले.

फाइल काय काय करत होती

वादाच्या तीन बाजू मांडण्याआधी कागदाची फाइल काय काय करत होती हे पाहणे भाग आहे, कारण प्रत्येक बाजू शेवटी याच मुद्द्यावर येऊन अडखळते.

कागदाला आपण माहितीचा साठा समजतो. सेलन आणि हार्पर यांचे म्हणणे असे की कागद हे काम करण्याचे साधनही आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या अर्थतज्ज्ञांचे काम त्यांनी जवळून पाहिले. हाताशी उत्तम संगणक असलेली ही माणसे मसुदा छापून, टेबलावर पसरून, समासात लिहून विचार करत होती. चार कागद एकाच वेळी नजरेसमोर ठेवता येणे, पान उलटताना बोटाने जागा धरून ठेवता येणे यांना पडद्यावर सोपा पर्याय नव्हता.

आपल्या कचेरीतही फाइल अशी बोलत असे. पानांना लावलेल्या पताका पाहून अधिकाऱ्याला कळे की पान नेमके कुठे उघडायचे. नस्ती किती जाड झाली यावरून प्रकरण किती चिघळले याचा अंदाज येई. टेबलाच्या कोणत्या कोपऱ्यात ती ठेवली आहे यावरून निकड कळे. फाइल कुठे आहे हे नोंदवहीपेक्षा शिपायाला आधी माहीत असे. महसूल खात्यात तर पेन्सिलीला स्वतःचे स्थान होते. फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावरची नोंद पेन्सिलीने घ्यायची, मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर ती शाईने पक्की करायची. अजून ठरलेले नाही, पण दुर्लक्ष करू नका, एवढे सगळे ती पेन्सिल एका फिकट रेघेत सांगत असे.

ई-ऑफिस करणाऱ्यांनाही ही गरज कळलेली होती. त्या प्रणालीत पिवळी टिपणी कच्ची आणि हिरवी टिपणी पक्की असते. हिरवी एकदा पुढे गेली की पुसता येत नाही. कल्पना चांगली आहे. पण कच्च्या टिपणीवर ‘बोला’ असा शेरा मारून फाइल परत करणे आणि मग समोरासमोर बसून वाक्य बदलणे या जुन्या रिवाजाला तिच्यात तेवढी सैल जागा नाही. जे आधी दोघांत मिटे ते आता नोंदीत राहते. हे चांगले की वाईट, यावर कर्मचारी आणि अधिकारी यांचे एकमत नाही, आणि गंमत म्हणजे नागरिकाच्या बाजूने पाहिले तर उत्तर आणखीच वेगळे येते.

पहिली भूमिका : शिकवले की रुळतील

सर्वांत जुनी आणि शासनाला जवळची भूमिका प्रशिक्षणाची. तिच्या मागे संशोधनही आहे. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडले की माणूस नवे साधन स्वीकारतो ते दोन गोष्टी पटल्यावर : याचा मला उपयोग आहे, आणि हे वापरायला जड नाही. २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी यात सहकारी व वरिष्ठांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सुविधा यांची भर घातली, आणि वय व पूर्वानुभव यांनी फरक पडतो हेही दाखवले.

महाराष्ट्राने या भूमिकेवर बराच भर दिला. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सरकारी नोकरीची अर्हता झाला आणि मुदतीत उत्तीर्ण न होणाऱ्यांची वेतनवाढ रोखण्यापर्यंत, दिलेली वसूल करण्यापर्यंत गोष्टी गेल्या. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट मिळाली. पुण्यातली यशदा प्रशिक्षण देते. केंद्राने २०२० मध्ये मिशन कर्मयोगी मंजूर केल्यापासून ऑनलाइन अभ्यासक्रमही आले आहेत.

या भूमिकेच्या बाजूने सांगण्यासारखे खूप आहे. माउस धरताना हात कापणाऱ्या पिढीला पहिल्यांदा संगणकासमोर बसवले ते याच अभ्यासक्रमाने. मर्यादा दोन दिसतात. डेव्हिस यांची मांडणी मुळात जिथे वापरायचे की नाही हे माणसाच्या हातात असते अशा ठिकाणी नीट लागू पडते. शासन आदेशाने जे सक्तीचे आहे तिथे ‘स्वीकारले का’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही; तिथे विचारावे लागते की कसे वापरले, मनापासून की उरकण्यापुरते. दुसरी मर्यादा अशी की अभ्यासक्रम शिकवतो संगणक, आणि कर्मचाऱ्याला अडते ते त्याच्या टेबलाच्या कामात. प्रमाणपत्र मिळवलेला लिपिक फाइलचे दोन भाग एकत्र कसे जोडायचे किंवा चुकून पुढे गेलेली टिपणी परत कशी ओढायची हे शेजारच्या टेबलावरच्या मुलाला विचारतो. कोणत्याही कार्यालयात असा एक जण असतोच. त्याच्या मदतीची नोंद कुठेही होत नाही आणि त्याचे स्वतःचे काम मागे पडते.

सूट देण्याचा परिणामही विचारात घ्यायला हवा. पन्नाशीनंतरची माणसे बहुतेक पर्यवेक्षणाच्या पदांवर असतात. त्यांना सूट मिळाली म्हणजे प्रणालीत टिपणी लिहिणारा शिकलेला आणि मंजूर करणारा न शिकलेला, अशी रचना तयार झाली. मग साहेबांचा पासवर्ड स्वीय सहायकाकडे जातो. टिपणी छापून साहेबांपुढे ठेवली जाते, त्यांच्या शेऱ्यासह ती पुन्हा स्कॅन होते.

दुसरी भूमिका : माणूस नव्हे, साधन बदला

ही भूमिका सांगते की कर्मचारी रुळत नाही याचा अर्थ बहुधा साधन त्याच्या कामाला बसत नाही.

मराठी टंकलेखनाचेच पाहा. टाइपरायटरवर मराठी टंकलेखनाचा वेग परीक्षा देऊन मिळवलेले कर्मचारी कचेऱ्यांत होते. त्यांच्या बोटांत टाइपरायटरचा कळफलक बसलेला. संगणकावर आधी वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉन्ट आले, एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की चौकोन दिसत. मग युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक आला. तो शास्त्रशुद्ध आहे, पण जुन्या टंकलेखकाच्या दृष्टीने मिळवलेले कौशल्य शून्यावर आले. याला ‘बदलाला विरोध’ म्हणणे सोपे आहे. त्या माणसाने काल जे पान दहा मिनिटांत केले ते आज अर्ध्या तासात होते, एवढेच त्याचे म्हणणे असते.

अंगणवाडी सेविकांचा अनुभव या भूमिकेचा सर्वांत ठळक पुरावा मानला जातो. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आले. महाराष्ट्रातल्या सेविकांनी त्याच वर्षी सरकारने दिलेले मोबाइल मोठ्या संख्येने परत केले. तक्रारी नेमक्या होत्या : ॲप इंग्रजीत, फोनची क्षमता तोकडी, फोन तापतो आणि बंद पडतो, रिचार्जचे पैसे पुरत नाहीत. ज्या बाईने अकरा नोंदवह्या वर्षानुवर्षे मराठीत सांभाळल्या तिला मुलाचे वजन इंग्रजी रकान्यात भरायला सांगितले जात होते. तिला डिजिटल साक्षरतेचा वर्ग देऊन यातले काहीही सुटणार नव्हते.

तलाठ्यांची तक्रार सर्व्हरची. दिवसा प्रणाली इतकी मंद चाले की अनेक जण ई-फेरफारचे काम रात्री करत. संघटनांच्या निवेदनांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा आला आहे. ब्रिटनमधल्या पोलिसांविषयी सेलन आणि हार्पर यांनी जे लिहिले ते इथे आठवते. घरफोडी झालेल्या घरात पोलिसाला लॅपटॉप उघडून नोंद घ्यायला सांगितले, तेव्हा समोरच्या घाबरलेल्या माणसाशी बोलताना तो आडवा येऊ लागला. पोलीस पुन्हा खिशातल्या वहीकडे वळले.

साधन सुधारले की सगळे सुटते, असे मात्र या भूमिकेचे समर्थकही आता म्हणत नाहीत. मराठी पर्याय आले, सर्व्हर वाढले, आणि तरीही काही विरोध उरला. तो समजून घ्यायला तिसऱ्या भूमिकेकडे जावे लागते.

तिसरी भूमिका : प्रश्न अधिकाराचा आहे

शोशाना झुबॉफ यांचे ‘इन द एज ऑफ द स्मार्ट मशीन’ हे पुस्तक १९८८चे. त्यांनी अभ्यासलेल्या कामगारांत कागदाच्या लगद्याचे कारखाने चालवणारे लोक होते, हा योगायोग या विषयाला शोभणारा आहे. पूर्वी ते लगदा हाताने चाचपून, वासावरून त्याची प्रत ओळखत. संगणकीकरणानंतर काचेच्या खोलीत बसून आकडे वाचू लागले. झुबॉफ यांचे निरीक्षण दुहेरी होते. अंगातले जुने कौशल्य गेले, पण आकड्यांतून प्रक्रिया समजून घेण्याचे नवे कौशल्य कामगाराला मिळू शकत होते. ते मिळाले की नाही, हे ती माहिती त्याला विचार करायला दिली की त्याच्यावर पाळत ठेवायला वापरली यावर अवलंबून राहिले.

महाराष्ट्रातली चर्चा हळूहळू या दिशेने सरकली आहे. ई-ऑफिसमध्ये फाइल कोणाकडे किती दिवस पडून होती हे वरिष्ठाला एका क्लिकवर दिसते. नागरिकाच्या दृष्टीने हीच तर सुधारणा. लिपिक सांगतो की माझ्या टेबलावर आठ दिवस दिसतात, पण त्यातले सहा दिवस मी दुसऱ्या विभागाच्या अभिप्रायाची वाट पाहत होतो. सहा गठ्ठ्यांत प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन हे वेगळे होते. आढाव्याच्या तक्त्यात ते एकाच लाल रंगात येतात.

डिजिटल स्वाक्षरीचा मुद्दा याहून जड आहे. स्वाक्षरीची किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी कायद्याने धारकावर टाकली आहे. प्रत्यक्षात अनेक सज्जांवर काम इतके असते की तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, खासगी मदतनीस ठेवतात. खेड्यापाड्यात अशा मदतनिसाला ‘झिरो तलाठी’ म्हणतात. किल्ली त्याच्या हाती गेली तर चुकीच्या नोंदीचे उत्तर कोणी द्यायचे हे कागदोपत्री स्पष्ट आहे, व्यवहारात नाही. याच किल्लीला दुसरी बाजूही आहे. २०२१ मध्ये तलाठ्यांनी आंदोलन केले तेव्हा आपल्या डिजिटल स्वाक्षऱ्या तहसील कार्यालयात जमा केल्या. लेखणी खाली ठेवण्याचे हे नवे रूप. ज्याच्या बोटाशिवाय प्रणाली चालत नाही त्याला तिने वेगळीच ताकद दिली.

कर्नाटकातल्या ‘भूमी’ प्रकल्पाचा दाखला दोन्ही बाजू देतात. सुमारे दोन कोटी जमीन नोंदी संगणकावर नेल्यावर तिथे हस्तलिखित उतारे अमान्य ठरवले गेले आणि गावच्या लेखापालाची मक्तेदारी संपली. समर्थकांच्या मते लाचेची एक मोठी जागा बंद झाली. सोलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लिहिले की अधिकार नाहीसे झाले नाहीत, गावातून तालुक्याला सरकले, आणि बंगळुरूभोवतीच्या मोठ्या जमीन खरेदीदारांना ते सोयीचे ठरले. गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याचा विरोध हितसंबंधाचा होता की स्थानिक माहिती हातची जाण्याचा, याचे एकच उत्तर या दोन वाचनांतून निघत नाही.

दुहेरी काम

तिन्ही भूमिका वाचताना मला असे दिसते की त्या सगळ्या एका गोष्टीच्या कडेने जातात. कर्मचाऱ्याला सर्वांत जास्त थकवतो तो संगणकही नाही आणि कागदही नाही. दोन्ही एकाच वेळी चालू असणे थकवते. सेविका ॲपही भरते आणि नोंदवहीही, कारण तपासणीला येणारी व्यक्ती वही मागते. शिक्षक पोर्टलवर माहिती चढवून तिचीच छापील प्रत केंद्रप्रमुखाला देतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शिक्क्याशिवाय ग्राह्य असताना तलाठ्याची सही आणा म्हणून शेतकऱ्याला परत पाठवल्याच्या तक्रारी येतात. कायद्यातही याला एक दार उघडे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या नवव्या कलमानुसार शासनाने दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक रूपातच स्वीकारावा असा आग्रह धरण्याचा हक्क कोणाला नाही.

बँका आणि भूमी यांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी कागद बंद होण्याची एक तारीख होती. त्या दिवसानंतर जुनी खातेवही उघडली तरी तिला किंमत नव्हती. कर्मचारी चडफडले, पण त्यांना एकच रीत शिकावी लागली. सातबाऱ्याच्या बाबतीत महाराष्ट्रातही हाताने लिहिलेला उतारा बंद झाला. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन करून संगणकीय सातबाऱ्यातल्या चुका शोधल्या गेल्या. दुरुस्त्या चालूच राहिल्या. चूक डेटा एन्ट्री करणाऱ्याची, पण जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खालचे दुरुस्तीचे प्रस्ताव तयार करायचे तलाठ्याने, ही कुरकुर रास्त होती. तरी पुढे वही आणि संगणक यांत कोणाचे खरे हा गोंधळ उरला नाही. मंत्रालयातल्या आणि जिल्हा परिषदांतल्या टिपणीलेखनात अशी तारीख अनेकदा जाहीर झाली आणि अनेकदा सैल पडली. प्रशिक्षणावर जेवढा खर्च आणि चर्चा होते त्याच्या काही अंशाने जरी चर्चा कोणती नोंदवही कोणत्या दिवशी बंद यावर झाली असती, तर ई-ऑफिसची कहाणी वेगळी असती असे मला वाटते. याला प्रतिवादही आहे आणि तो दुबळा नाही : वीज गेली, रेंज नाही, सर्व्हर पडला तर वही हवीच. मेळघाट किंवा अक्कलकुव्यासारख्या दुर्गम भागात अशी तारीख ठरवता येत नाही.

न सुटलेले

काही प्रश्न तिन्ही भूमिकांच्या बाहेर राहिले आहेत. अंध कर्मचाऱ्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली मदत करते, त्यामुळे कागद जाणे त्याच्या फायद्याचे असायला हवे. पण फाइल म्हणजे हस्तलिखित पत्रांचे स्कॅन असेल तर ती त्याच्यासाठी कोरीच. मराठी हस्ताक्षर वाचण्याचे तंत्र सुधारते आहे, कचेरीत पोचलेले नाही.

चतुर्थ श्रेणीचा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारात घेतलेला नाही. फाइल वाहून नेणाऱ्या माणसाला ई-ऑफिसमध्ये लॉगिन नाही. त्याचे काम कमी होत गेले आणि निवृत्तीनंतर पद भरले गेले नाही, एवढेच घडले. त्याला स्कॅनिंग किंवा अभिलेख कक्षाचे काम शिकवता आले असते का, हा प्रश्न धोरणाच्या कागदात क्वचित दिसतो.

आणि अभिलेखांचा काळ. कागदाच्या कचेरीत अ, ब, क, ड असे वर्ग होते. अ कायम ठेवायचा, ड थोड्या काळात नष्ट करायचा. दरवर्षी ड वर्गाचे गठ्ठे बाहेर निघत, यादीवर सही होई, कपाटात जागा होई. ई-ऑफिसमध्ये जागेची टंचाई जाणवत नसल्याने ही कामे मागे पडली आहेत. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू आहेच, २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आला आहे. कोणती इलेक्ट्रॉनिक नस्ती किती वर्षांनी पुसायची, पुसल्याची यादी कोणी सही करून ठेवायची आणि वीस वर्षांनी आजची फाइल उघडणारी प्रणाली चालू ठेवण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, याचे उत्तर अभिलेखपालाला अजून द्यायचे आहे. तो स्वतः अजून तळघरातल्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळतो आहे, आणि त्याच्यासाठी प्रशिक्षणवर्ग निघाल्याचे फारसे ऐकिवात नाही.